चेंडूच्या पोटातला धागा

धुळे,
गुरुवार, संक्रांतीनंतरचा दुसरा दिवस, सन १९५८

राजमान्य जावईबापू झुलालराव यांस मुंबई मुक्कामी, धुळ्याहून तोतारामचा दोन्ही हात जोडून आणि मान खाली घालून रामराम. पाकिटात एक पुडी आहे, ती आधी सोडावी. आत तिळगुळाची वडी आहे (पोस्टात चुरा झाला असेल तर चुरा). ती तोंडात टाकावी, सावकाश विरघळू द्यावी, आणि मगच खालचा मजकूर वाचावा. तिळगूळ खाल्ल्यावर देणाऱ्याशी गोड बोलायचं असतं, हे आपल्यासारख्या शिकलेल्या मास्तराला मी सांगावं असं नाही, पण सांगून ठेवतो. आमच्या गावी ही बोली रथसप्तमीपर्यंत पाळतात. रथसप्तमी अजून दहा दिवसांवर आहे आणि आपण पाहुण्यांना घेऊन येणार तो बुधवार त्याच्या आत पडतो. मी पंचांग दोनदा पाहिलं.

आपली प्रकृती कशी आहे? मुंबईचं पाणी मानवतं का? खोकला असेल तर रात्री कोमट पाण्यात हळद घ्यावी आणि डोक्याला वारा लागू देऊ नये; रागावल्याने खोकला वाढतो असं मी पुष्कळ ठिकाणी पाहिलं आहे. गावाकडून आपल्या सासूबाईंचं, धुरपदाचं, पत्र आलं. आमची कमल सुखरूप आहे, नववा लागला, बाळंतिणीची खोली सारवून झाली, बाजेला नवी सुतळी ओढली, डिंक आणि खोबरं भडगावच्या बाजारातून आणून ठेवलं. तिकडची काळजी नसावी. माझी प्रकृती परवापर्यंत ठणठणीत होती. कालपासून घास खाली उतरत नाही, कडी वाजली की छातीत धडधडतं, आणि आज दाढी करताना आरशातल्या माणसाने माझ्याकडे नीट पाहिलं नाही.

आता आपल्या घरातल्या संग्रहालयाबद्दल. आपण जाताना जी जी कामं लिहून दिली ती मी रोज करतो. दाराबाहेरची ‘अमेरिकेचा राष्ट्रीय खेळ बेसबॉल : स्मृती-संग्रहालय, धुळे’ ही पाटी ओल्या फडक्याने नव्हे, कोरड्याने पुसतो. पाहुणा आला की वहीत सही घेतो (आठ दिवसांत अकरा सह्या, त्यांतल्या चार माझ्या, एक पोस्टमनची). लोक विचारतात, आबा, हा खेळ काय? मी सांगतो, आपल्या विटीदांडूचा मोठ्या घरी दिलेला भाऊ. बाहेरच्या खोलीत माझं बरं चालतं. आतल्या खोलीत मात्र, जावईबापू, मला भीती वाटते, हे आता लपवत नाही. आपण त्या अमेरिकन कपड्यांत पेंढा भरून जो खेळाडू उभा केला आहे, त्याला डोकं नाही. डोक्याच्या जागी ती खेळताना तोंडावर बांधायची लोखंडी तारांची जाळी टांगली आहे. दुपारी उन्हाचा कवडसा त्या जाळीतून आला की तो श्वास घेतो असं वाटतं. मी त्याच्या अंगावर चादर टाकून पाहिली, तर तो आजारी दिसू लागला आणि भीती दुप्पट झाली. तेव्हापासून आत जाताना मी खाकरून जातो. आपली आपण खबरदारी असावी.

चेंडूबद्दल. चेंडू चोरीला गेलेला नाही, हे आधी लिहितो. हरवलेला नाही, जळालेला नाही, उंदराने तोंड लावलेलं नाही. त्यावरच्या नऊच्या नऊ सह्या जशाच्या तशा आहेत, शाईचा एक ठिपका हललेला नाही. चेंडूचा प्रत्येक भाग या क्षणी याच खोलीत माझ्या डोळ्यांसमोर आहे. ‘भाग’ हा शब्द मी लिहून गेलो. खोडला असता, पण खाडाखोड केलेलं पत्र जावयाला धाडू नये असं धुरपदा म्हणते. म्हणून लिहितोच. झुलालराव, चेंडू उसवला आहे.

इथे थोडं पाणी प्यावं. मीही पितो.

मला सगळं आठवतं. लढाईत आपण आसामात त्या अमेरिकन छावणीच्या कोठारावर होता, तिथे विल्बर साहेबाने मारलेला चेंडू चहाच्या मळ्यात गेला, आपण दोन तास जळवा अंगावर घेत तो शोधून आणलात, आणि सगळ्या संघाने सह्या करून तो आपल्यालाच दिला. लग्नाच्या बोलणीला आपण आला होता तेव्हा जमीन किती, विहीर किती हे सगळं दुसऱ्यांनी सांगितलं. आपण स्वतः फक्त या चेंडूची गोष्ट सांगितली होती. मी त्याच दिवशी धुरपदाला म्हटलं, जो माणूस दुसऱ्याचा चेंडू दोन तास शोधतो तो आपल्या पोरीला कुठे टाकून देणार नाही. आणि आता तोच विल्बर साहेब व्यापाराच्या कामाने मुंबईत उतरला आहे, बुधवारी आपल्याबरोबर स्वतःचा चेंडू पाहायला येतो आहे. गाडीत बसताना आपण मला म्हणालात, मामा, बाकी सगळं गेलं तरी चालेल, एवढा एक चेंडू सांभाळा. बाकी सगळं सुखरूप आहे.

आता हे झालं कसं, ते. दोष माझा आहे, पण त्यात रतिलालचाही वाटा आहे. रतिलाल म्हणजे आपल्या घराच्या उजव्या हाताला राहणारा कापसाचा दलाल. आपण त्याला ओळखताच, पण मी त्याला आपल्यापेक्षा पंचवीस वर्षं आधीपासून ओळखतो. मी सरकी काढायच्या जिनात कापूस पारखायला होतो तेव्हा हा गाड्या घेऊन यायचा. मी म्हणायचो धागा आखूड, तो म्हणायचा लांब. त्यात आमचं तारुण्य गेलं. काल तो तिळगूळ द्यायला आला (संक्रांतीला पतंग उडवण्यात त्याला वेळ मिळाला नाही. वय एकसष्ट), काचेच्या पेटीसमोर उभा राहिला, आणि मला म्हणाला, ‘तोतारामभाऊ, आ गोळामां शुं भरेलुं छे?’ मी म्हटलं, सूत. तो म्हणाला, सूत तर आहेच, पण कापूस कुठला? मी म्हटलं, अमेरिकेचा चेंडू, अमेरिकेचा कापूस, लांब धाग्याचा. तो हसला. म्हणाला, लढाईच्या आधी आपल्याकडच्या गासड्या बोटीत भरून गेल्या त्या काय अमेरिकेने समुद्रात टाकल्या? हा तर आपला खानदेशी कापूस, साहेबांचा वेष करून परत आला आहे.

जावईबापू, आपण शाळेत कवायत शिकवता, आपल्याला आमच्या धंद्याची खोड ठाऊक नाही. गासडी वरून कितीही पांढरी दिसो, तिच्या पोटात हात घालून चिमूटभर रुई ओढून पाहिल्याशिवाय पारखी माणूस तोंड उघडत नाही. वर चांगला माल दाबायचा आणि आत कवडी, म्हणजे किडका कापूस, भरायची, हे आम्ही जन्मभर पाहिलेलं. मी सत्तावीस वर्षांत एकही गासडी पोट न पाहता घेतली नाही. उशी पाहिली तरी माझा हात शिवणीकडे जातो. आपल्या लग्नात मांडवातल्या लोडातून मी थोडा कापूस काढून पाहिला होता (हलका होता, पण व्याह्यांकडचा म्हणून बोललो नाही). हा चेंडू आठ दिवस माझ्यासमोर बंद बसलेला. आठ दिवस. आणि त्यावर रतिलाल म्हणाला, बोल, पैज. जो हरेल त्याने शनिवारी भर बाजारात, जिनाच्या फाटकाशी उभं राहून मोठ्याने म्हणायचं की मला कापसातलं काही कळत नाही.

आता मी काय करावं, आपणच सांगा.

एक टाका आधीच उसवलेला होता. (याला रतिलाल साक्षी आहे. रतिलाल म्हणतो, नव्हता.) त्या टाक्यातून नखाने नुसतं सुताचं टोक ओढावं, बोटावर उलगडावं, तंतू किती लांब ते पाहावं आणि टोक परत आत सारावं, एवढाच विचार होता. पण टोक येईना. मग दुसरा टाका सोडला. मग तिसरा. लाल सुताचे ते टाके इतके ठाशीव घातलेले होते की सोडताना मला त्या शिवणाऱ्याचं कौतुकच वाटत होतं, आणि कौतुक करता करता निम्मा चेंडू उघडा पडला हे माझ्या लक्षात आलं नाही. कातडं फाटलेलं नाही. त्याचे दोन तुकडे आहेत, दोन्ही आठच्या आकड्यासारखे, एकमेकांना मिठी मारून बसलेले. ती मिठी सुटली. आत पांढरंशुभ्र, बारीक, दमदार सूत. मी पीळ उकलला, अंगठ्यात धरून तंतू ओढला. जावईबापू, इंचापेक्षा वर. अमेरिकेचा कापूस. मी जिंकलो होतो. त्या क्षणी थांबलो असतो तर हे पत्र चार ओळींचं झालं असतं.

पण रतिलाल थांबेना. म्हणाला, वरचा थर चांगलाच असणार, तूच तर सगळ्या बाजाराला शिकवलंस, पोट बघ. आणि खरं सांगतो, मला त्याचं पटलं. माणसाला दुसऱ्याचं पटलं नाही तर वाचता येतं, स्वतःचंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून आलं की मग वाचणं नाही.

सूत उलगडत जायचं तर ते जमिनीवर पडू द्यायचं नसतं, गुंता होतो, हा आमच्यातला नियम. खोली बारा हातांची. रतिलालने टोक धरलं आणि मागे मागे सरकत दाराबाहेर गेला. मी उंबऱ्यात बसून चेंडू दोन्ही हातांत फिरवत राहिलो. आधी तो ओट्यावर दिसत होता, मग पिंपळाजवळ, मग वळणावर त्याची टोपी तेवढी दिसली, आणि मग नुसती त्याची ओढ बोटांना लागायची. किती असावं? दहा वार, फार तर वीस वार असं माझ्या मनात होतं. तो पिठाच्या गिरणीच्या पुढे गेला, पांझरा नदीच्या उतारापर्यंत गेला असं लोक नंतर म्हणाले. गल्लीतले लोक बाहेर आले. कोणी म्हणे संक्रांतीचा मांजा सुकवतात, कोणी म्हणे सरकारी मोजणी आली, रस्ता रुंद होणार, आणि गिरणीवाला लगेच आपल्या ओट्याची पायरी उचलून आत घेऊ लागला. समोरची ताईबाई धुण्याची बादली घेऊन आली, धागा पाहिला, आणि मला म्हणाली, ‘आबा, गल्लीमा दोरी बांधी ते बरं करं. मन्हा लुगडासनी सोय व्हई गयी.’ मी ‘ताईबाई, ही अमेरिका आहे’ असं म्हणेपर्यंत तिने एक ओलं लुगडं त्याच्यावर टाकलंही. धागा तुटला नाही. दर्जा आहे, हे मी शत्रूच्या तोंडावरही म्हणेन.

मग माझ्या बोटांना एकदम खरखर लागली. पांढरं सूत संपलं आणि करडं काहीतरी येऊ लागलं. मी ओढून पाहिलं, वास घेतला. लोकर. घोंगडीची असते तशी करडी लोकर. सत्तावीस वर्षं कापूस पारखलेला माणूस मेंढीवर येऊन पडला. मी हाका मारल्या, रतिलाल, थांब, कापूस संपला, आता पैज नाही. पण तो नदीच्या बाजूला, त्याला ऐकू कसं येणार? त्याला वाटलं मी ओढ दे म्हणतो. त्याने ओढलं. करडी संपली, पांढरी लोकर आली, ती संपली, पुन्हा करडी आली, चेंडू माझ्या हातात बोरासारखा होत चालला, आणि माझ्या मनात एकच विचार की आपण बुधवारी कुठल्या गाडीने उतरता. शेवटी धागा संपला. टोक माझ्या बोटांतून सुटून उंबऱ्यावरून, ओट्यावरून, गल्लीतून हळूहळू निघून गेलं. मी पाहत राहिलो. त्याला धरण्याचं मला सुचलं नाही.

त्यानंतर कापसाची एक बैलगाडी गल्लीतून गेली. धागा तीन ठिकाणी तुटला. ताईबाईचं लुगडं धुळीत पडलं, त्याबद्दल तिने मला जे ऐकवलं ते संक्रांतीच्या बोलीत बसणारं नव्हतं.

रतिलाल परत आला तो कोपराभोवती सगळा धागा गुंडाळून. घामाघूम. वाटेत त्यालाही लोकर कळली होती. आम्ही दोघं समोरासमोर बसलो. पैज कोण जिंकलं हे अजून ठरलेलं नाही; तो म्हणतो दोघांनीही शनिवारी फाटकाशी उभं राहावं. मग आम्ही परत गुंडाळायला बसलो. मी गुंडाळतो, तो ओढ धरतो. चार तास. आधी करडी लोकर, मग पांढरी, मग पुन्हा करडी, मग सूत, एक थर चुकवला नाही. पण जावईबापू, त्या लोकांनी यंत्राने आवळलेलं, आणि आम्ही दोन म्हातारे, नुसत्या हातांनी. जो चेंडू बेलफळाएवढा होता तो पूर्ण गुंडाळल्यावर नारळाएवढा झाला. शेंडीचा नारळ. कातड्याचे दोन तुकडे त्याच्यावर ठेवले तर मोठ्या माणसाला तान्ह्या पोराची टोपडी घातल्यासारखं दिसू लागलं.

पुनाला बोलावलं. पुना म्हणजे विहिरीच्या चामडी मोटा शिवणारा, त्याचा टाका विहिरीच्या पाण्याला दाद देत नाही. त्याने चेंडू हातात घेतला, फिरवून पाहिला, कातड्याचा वास घेतला आणि म्हणाला घोड्याचं आहे. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, ‘आबा, पाय मोठा व्हई गया आनि जोडा धाकला पडना. आते पाय कापा.’ मी म्हटलं, पुना, थट्टा नको, माझा जावई येतो आहे. तेव्हा तो गंभीर झाला. (आपल्या भागात जावई येतो म्हटलं की कोणीही गंभीर होतं.) म्हणाला, घट्ट गुंडाळून द्या, मी मोटेसारखं ओढून शिवतो. आणि लाल दोरा किती लागेल हे काढायला त्याने कातड्यावरच्या भोकांवरून टाके मोजायला घेतले. एक कड मोजली. थांबला. पुन्हा मोजली. मग भोकं पाडायची आरी खाली ठेवली, हात कपाळाला लावला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, ‘एकशे आठ शेतस.’

मी मोजले. एकशे आठ. रतिलालने चष्मा पुसून मोजले. एकशे आठ, एक कमी नाही, एक जास्त नाही. रतिलाल गळ्यात तुळशीची माळ घालणारा माणूस, त्याचा चेहरा उतरला. जोडे काढून ओट्याखाली ठेवून आला आणि हळूच म्हणाला, ‘भाऊ, आपणे तो माळा तोडी नाखी.’ पुना म्हणाला, ‘मी हाले आरी लावाव नही,’ आणि सामान गोळा करून निघून गेला. मी त्याला दारापर्यंत सोडायलाही उठलो नाही. कारण तोपर्यंत मला आठवलं होतं की काल करीचा दिवस होता. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी माणूस नवं कापड फाडत नाही, आणि मी परक्या देशाची जपमाळ उसवून तिच्यावर लुगडं वाळत घातलं.

जावईबापू, मला आधी फक्त आपली भीती होती. ती बरी होती. माणूस घरातल्या माणसाला भितो त्यात लाज नाही. मग साहेबाची भीती आली. साहेब म्हणेल, आमच्या राष्ट्राचा खेळ आम्ही विश्वासाने तुमच्या हाती दिला आणि तुम्ही त्याची आतडी नदीपर्यंत नेलीत. आपल्या दोन देशांत काही बोलणी चालू असतात असं वर्तमानपत्रात येतं. माझ्यामुळे त्यात काही बिघडलं तर? आणि आता ही तिसरी भीती. मी त्या कातड्यापुढे तुपाची वात लावली. मग वाटलं, घोड्याच्या कातड्याला वात लावली हेही कुठे चुकलं असेल, म्हणून ती विझवली. मग वाटलं, लावलेली वात विझवली. संध्याकाळपर्यंत मी तीनदा लावली आणि तीनदा विझवली, आणि आतल्या खोलीतला तो बिनडोक्याचा माणूस सगळं पाहत होता.

काय काय करता येईल याचा विचार केला. मखमलीच्या पिशवीत घालून उंच फळीवर ठेवावा आणि सांगावं की वर्षातून एकदाच उघडतो. पण साहेब स्वतःचा चेंडू हातात मागणारच. बाजारातून रबरी चेंडू आणून त्यावर कातडं शिवावं असंही रतिलालने सुचवलं. आम्ही आणला. पण झुलालराव, तो हातात घेतला आणि मला तुम्ही जळवा अंगावर घेऊन मळ्यात वाकलेले दिसलात. मी तो गल्लीतल्या गाईपुढे टाकून दिला (तिने हुंगला आणि सोडला). खोटं बोलायचं तर मला आधी घाम येतो, आणि पाहुण्यांसमोर घाम आलेला सासरा चांगला दिसत नाही. म्हणून ठरवलं की जसं झालं तसं लिहावं. माझ्या हातून आपल्या जिवाची वस्तू मोडली. मी आपल्याला भितो, आणि त्याहून जास्त याला भितो की आपण मला काहीच बोलणार नाही, नुसतं ‘असू द्या मामा’ म्हणाल, आणि पुढच्या वेळी गावाला जाताना किल्ली दुसऱ्या कोणाकडे द्याल.

वेळेवर जेवावं. मुंबईत रस्ता ओलांडताना दोन्हीकडे पाहावं. विल्बर साहेबांना आमचा रामराम सांगावा आणि त्यांचा स्वभाव कसा आहे ते कळवावं. थोर माणसाच्या मनात राग फार वेळ टिकत नाही, आणि आपण थोर आहात हे मी लग्नाच्या आधीपासून म्हणतो आहे.

आपला, दारावर कडी वाजली की दचकणारा,
तोताराम

ता.क. मुंबईत असं तांबडं मेणाचं सूत आणि वाकडी जाड सुई मिळत असेल तर मंगळवारच्या आत पोहोचेल अशी पार्सलने धाडावी. पुना आज सकाळी पुन्हा आला होता. म्हणाला रात्रभर विचार केला. माळ तुटली तर ओवून द्यायची असते, ओवणाऱ्याला दोष लागत नाही. शिवून देईन म्हणतो, पण आंघोळ करून, आणि मंगळवारी.

ता.क. दुसरा. रागवायचं असेल तर मला रागवा, पत्र इथे माझ्या नावाने धाडा, हवं तितकं लांब लिहा, मी सगळं वाचेन. गावाकडे एक अक्षर लिहू नका. कमल अशा दिवसांत आहे. बापाने काहीतरी मोडलं आणि नवरा रागावला असं तिला कळलं तर ती दोघांची बाजू घेऊन एकटीच रडत बसेल. एवढी एकच विनंती करायला मी हे आठ कागद लिहिले.

ता.क. तिसरा. पत्र बंद करणार होतो, पण लिहिलं पाहिजे. सकाळपासून दारात गर्दी आहे. घट्ट गुंडाळायचा म्हणून चेंडू आम्ही रात्री पुन्हा उलगडून थराथराने मांडून ठेवला होता, आणि कालची बातमी जिनात गेली. हमाल आले, गाडीवाले आले, दोन शेतकरी जामनेरहून कापूस विकायला आले होते ते इकडे आले. पंच्याऐंशी सह्या झाल्या, वहीची पानं संपत आली. लोक पूर्वी ते दांडके आणि हातमोजे पाहून जांभई देत निघून जायचे. आता प्रत्येकजण खिशातून रुई काढतो, चेंडूच्या सुताशेजारी ठेवतो, ओढून बघतो आणि वाद घालतो. ताईबाई गल्लीतल्या बायकांना घेऊन आली आणि जणू तिच्याच घरचं आहे अशा थाटात लोकर दाखवत होती. एक म्हातारा धनगर लोकर बोटांवर चोळून म्हणाला, ही मेंढी थंडीत वाढलेली आहे. ती अमेरिकेची आहे म्हटल्यावर त्याने विचारलं की तिथे चरायला काय असतं, आणि मग मी त्याला बसवून सगळा खेळ समजावून सांगितला. अडीच तास ऐकत होता. म्हणून भीत भीत विचारतो : मंगळवारी शिवायलाच हवा का? साहेबाला उघडाच दाखवला तर? त्यांनाही बहुधा आत काय आहे हे ठाऊक नसेल. जो मारतो तो कुठे पोट पाहतो?

ता.क. शेवटचा. वर मी लिहिलं की धागा संपला. ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही. धाग्याच्या आत एक गोळी आहे. जांभळाहून मोठी, लिंबाहून लहान, वरून रबर, आणि दाबली की आत दुसरंच काही आहे असं लागतं. मी म्हणतो आत लाकूड, रतिलाल म्हणतो गाभ्यापर्यंत रबरच. पैज पुन्हा लागली आहे. मी शपथपूर्वक सांगतो, गोळीला हात लावलेला नाही. ती वाटीत झाकून ठेवली आहे आणि वाटीवर पाटा ठेवला आहे. रतिलाल सुरी घेऊन ओट्यावर बसला आहे. आपली आज्ञा तारेने कळवावी. तारेत शब्द मोजून पैसे घेतात म्हणून लिहितो, ‘कापा’ हा एकच शब्द होतो. ‘कापू नका’ हे दोन होतात.